डी ड्राइव्हवरची मयत विंडोज

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा बंद केला. ज्यांचा कॉम्प्युटर विंडोज ११ पेलू शकत होता, त्यांतल्या पुष्कळांनी त्या सुमारास एक सोपा मार्ग धरला. नवी एसएसडी आणली, तिच्यावर नवी विंडोज टाकली आणि जुनी हार्डडिस्क 'असू दे, फोटो ठेवायला होईल' म्हणून तशीच जोडलेली ठेवली. आता सी ड्राइव्ह चकाचक असतो आणि डी किंवा ई या नावाने जुना संसार समोर येतो: विंडोज, प्रोग्राम फाइल्स, प्रोग्रामडेटा, यूझर्स. उपयोग काहीच नाही, जागा मात्र अडलेली. फोल्डरवर डिलीट दाबलं की निरोप येतो, यासाठी ट्रस्टेडइन्स्टॉलरची परवानगी लागेल. हा ट्रस्टेडइन्स्टॉलर कोण आणि त्याची परवानगी मागायची कुठे, याचा त्या निरोपात पत्ता नसतो. 'पुन्हा प्रयत्न करा' आणि 'रद्द करा' अशी दोन बटणं तेवढी असतात.

यावर मिळणारा सल्ला साधारण एका साच्याचा असतो. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, तीन ओळी टाका, फोल्डर गेलं. त्या तीन ओळी खोट्या नाहीत. पण त्या कामाच्या शेवटी यायच्या असतात आणि सांगितल्या जातात आधी. फोल्डर कोणाचं, त्यावर आजचा कॉम्प्युटर अवलंबून आहे का, आत आपलं काही राहिलंय का, हे विचारायच्या आत पुसायची घाई होते. म्हणून इथे उलट्या क्रमाने जाऊ.

विंडोज ९५ आणि ९८च्या काळात हा प्रश्नच नव्हता. त्यांच्या फॅट फाइल सिस्टीममध्ये फाइलला मालक अशी चीज नव्हती. हव्या त्या माणसाने हवं ते पुसावं आणि मग विंडोज चालू होत नाही म्हणून सीपीयू उचलून दुकानात न्यावा, असा तो जमाना. मालकी आली एनटीएफएस या फाइल सिस्टीमबरोबर, म्हणजे १९९३ सालच्या विंडोज एनटी ३.१ पासून, घराघरांत ती पोचली एक्सपीच्या वेळी. एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला एक मालक असतो आणि सोबत एक यादी असते: कोणाला वाचता येईल, कोणाला बदलता येईल, कोणाला पुसता येईल. या यादीत माणसांची नावं नसतात, एसआयडी नावाचे लांबलचक क्रमांक असतात. विंडोज नव्याने टाकली की तुमच्या खात्याला नवा क्रमांक मिळतो. नाव तेच, पासवर्ड तोच, तरी जुन्या डिस्कच्या हिशेबी तुम्ही परके. जुन्या यूझर्स फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये 'अननोन अकाउंट' आणि पुढे एस-१-५-२१ने सुरू होणारा आकडा दिसतो, तो तुमचाच मागच्या जन्मीचा क्रमांक.

गावाकडची जमीन आठवा. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, वारसनोंद कोणी केलेली नाही. जमीन तुमचीच, पण कागदावर तुम्ही कोणी नाही. आधी फेरफार, मग पुढचे व्यवहार. विंडोजमध्येही नेमक्या दोन पायऱ्या आहेत आणि बरेच जण पहिलीवर थांबून चिडतात. टेकओन ही कमांड फक्त मालकी बदलते. मालकाला परवानग्यांची यादी बदलायचा हक्क मिळतो. पुसायचा हक्क त्यासोबत आपोआप येत नाही. तो आयसीएसीएलएस या दुसऱ्या कमांडने स्वतःला किंवा ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाला वेगळा द्यावा लागतो. हा गट मात्र भरवशाचा. जगातल्या प्रत्येक विंडोजवर त्याचा क्रमांक एकच, एस-१-५-३२-५४४, म्हणून जुन्या डिस्कवर त्याला दिलेले अधिकार नव्या कॉम्प्युटरवरही चालतात.

विंडोज फोल्डरची गोष्ट वेगळी. तिथला मालक गेलेला नाही, तो प्रत्येक विंडोजमध्ये हजर असतो. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, सिस्टीमच्या फाइलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या सेवेकडे गेली. अपडेट बसवायचं काम तिचं. तिचा क्रमांक तिच्या नावावरून काढलेला असतो, म्हणून तुमच्या जुन्या विंडोजमध्ये जो होता तोच नव्या विंडोजमध्ये. डी ड्राइव्हवरचं विंडोज फोल्डर आता चालू नाही, त्याचा सी ड्राइव्हशी काही संबंध नाही, पण परवानग्यांची यादी तपासणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. तो यादी वाचतो, तिच्यात तुमचा हक्क वाचण्यापुरता दिसतो आणि विषय संपतो. नाव ॲडमिनिस्ट्रेटर असूनही चालत नाही, त्यालाही व्हिस्टाच जबाबदार. तेव्हापासून ॲडमिनिस्ट्रेटरने लॉगइन केलं तरी त्याचे प्रोग्रॅम साध्या माणसाच्या अधिकारांनीच चालतात. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हटल्यावर खरे अधिकार हाती येतात.

या बंदोबस्ताबद्दल मायक्रोसॉफ्टला दूषणं देणं सोपं आहे, पण चालू विंडोजच्या फाइली चुकून किंवा व्हायरसच्या हातून जाऊ नयेत म्हणून तो आहे आणि त्या कामात तो चांगला आहे. माझी तक्रार वेगळी. सी ड्राइव्हवर विंडोजवर विंडोज टाकली की विंडोज.ओल्ड हे फोल्डर तयार होतं. ते काढायला सेटिंग्जमध्ये रीतसर सोय आहे, आणि अपग्रेडनंतरचं ते फोल्डर दहा दिवसांनी आपलं आपण जातंही. ऑगस्ट २०१६पर्यंत ही मुदत तीस दिवस होती. दुसऱ्या डिस्कवरच्या अख्ख्या जुन्या विंडोजसाठी मात्र असं एक बटण देणं आजवर कोणाला सुचलेलं नाही. ज्या कामाला सरळ दार ठेवलेलं नाही, ते काम लोक कमांडा चिकटवून करणार, आणि त्यात कधीतरी चालू विंडोजही जखमी होणार.

आता पुसण्याआधीच्या गोष्टी. सगळ्यात मोठा धोका फोल्डरांत नसून बूटमध्ये आहे. नवी विंडोज टाकताना जुनी डिस्क जोडलेली असेल आणि तिच्यावर ईएफआय पार्टिशन असेल, तर इन्स्टॉलर पुष्कळदा तेच वापरतो. साधारण १०० एमबीचं हे छोटं पार्टिशन एक्सप्लोररमध्ये दिसत नाही, पण कॉम्प्युटर चालू होताना पहिलं वाचलं जातं ते तेच. म्हणजे विंडोज नव्या एसएसडीवर आणि तिला उठवणारा बूटलोडर जुन्या डिस्कवर. अशा डिस्कवरची फोल्डरं पुसली तर काही बिघडत नाही. पण 'कशाला कटकट' म्हणून सगळी पार्टिशनं उडवली की दुसऱ्या दिवशी काळी स्क्रीन. डिस्क मॅनेजमेंट उघडून दोन्ही डिस्कांची पार्टिशनं नीट वाचली तर ईएफआय सिस्टीम पार्टिशन कुठल्या डिस्कवर आहे ते कळतं. मला याहून खात्रीची वाटते ती हाताने करायची तपासणी. कॉम्प्युटर बंद करावा, वीज काढावी, जुन्या डिस्कची केबल सोडवावी आणि चालू करून बघावं. विंडोज आली तर जुनी डिस्क बूटच्या दृष्टीने मोकळी. नाही आली तर केबल परत लावावी आणि आधी नव्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन करून बीसीडीबूट कमांडने बूटलोडर तिथे बसवावा, किंवा तसं करवून घ्यावं. नवी विंडोज अजून टाकायची असेल तर टाकताना बाकी सगळ्या डिस्क सोडवून ठेवाव्यात. मग हा प्रश्न जन्मालाच येत नाही.

बूटखेरीजही काही धागे असतात. डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉप फोल्डर कधीकाळी डी ड्राइव्हवर हलवलेलं असतं. पेजफाइल डीवर ठेवलेली असते. दोन्ही गोष्टी चालू विंडोज वापरत असते आणि दोन्ही आपण विसरलेलो असतो.

मग आत काय राहिलंय ते. फोटो आणि डॉक्युमेंट्स सगळेच बघतात. राहतात त्या यूझर्समधल्या ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरातल्या गोष्टी. ब्राउझरचे बुकमार्क तिथे, थंडरबर्डची सगळी मेल तिथे. आउटलुकची पीएसटी फाइल डॉक्युमेंट्समध्ये असते, नाहीतर इथेच कुठेतरी. हिशेबाचे आणि बिलाचे प्रोग्रॅम आपला डेटा कधी यूझर्समधल्या पब्लिकमध्ये ठेवतात, कधी प्रोग्रामडेटात, तर कधी थेट ड्राइव्हच्या मुळाशी स्वतःच्या फोल्डरात. दुकानदाराने किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीने जुन्या वर्षांची पुस्तकं नव्या कॉम्प्युटरवर उघडून बघेपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू नये.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक जागा आहे आणि ती इंग्रजी सल्ल्यात कधी येत नाही: विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स. युनिकोड रुळण्याआधीची वीसेक वर्षं मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टांना बांधलेला होता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, पुण्याच्याच सी-डॅकचं आयएसएम, शिवाय कृतिदेवसारखे सुटे फॉन्ट. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. संस्थांचे अहवाल, वंशावळी, दिवाळी अंकांची पानं, लग्नपत्रिका, स्मरणिका, सगळं त्यात. अशा फाइलीत मराठी अक्षरं साठवलेली नसतात; रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात आणि त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की 'सस्नेह निमंत्रण'च्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांची रांग उरते. ती पुढे युनिकोडमध्ये बदलता येते, पण मूळ फॉन्ट कुठला ते कळलं तर. म्हणून आई-वडिलांच्या, छापखान्याच्या किंवा संस्थेच्या कॉम्प्युटरची डिस्क असेल तर फॉन्ट्स फोल्डरातल्या टीटीएफ फाइली आधी बाजूला काढाव्यात. एक्सप्लोरर या फोल्डरला खास वागणूक देतो, त्यामुळे ही कॉपी कमांड प्रॉम्प्टमधून केलेली बरी. फॉन्टांचं ओझं काही फार नसतं. सगळे मिळून पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावतात.

नावापुढे कुलूप दिसणाऱ्या फाइलींची गोष्ट अधिक नाजूक. ईएफएसने कुलूपबंद केलेल्या फाइलीची मालकी घेतली तरी ती उघडत नाही. तिची किल्ली जुन्या खात्याच्या प्रोफाइलमध्ये, त्याच ॲपडेटाच्या पोटात असते आणि ती वापरायला जुना पासवर्डही लागतो. ते फोल्डर 'सिस्टीमचा कचरा' म्हणून पुसलं की फाइल कायमची गेली. अख्खा ड्राइव्ह कुलूपबंद करणारा बिटलॉकर त्या मानाने प्रामाणिक: तो दारातच ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. की नसेल आणि आतलं काही नको असेल तर फॉरमॅट मात्र कीशिवायही होतो.

एवढं झाल्यावर त्या प्रसिद्ध तीन ओळी. मालकी घ्या, परवानगी द्या, आरडी कमांडने फोल्डर पुसा. यात एक खड्डा आहे. व्हिस्टापासून प्रत्येक विंडोज ड्राइव्हच्या मुळाशी 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाचं लपवलेलं काहीतरी असतं. दिसायला ते फोल्डर, प्रत्यक्षात तो जंक्शन, म्हणजे दुसऱ्या जागेकडे वळवणारा दुवा. जुन्या एक्सपीकालीन प्रोग्रॅमांची सोय म्हणून ठेवलेला. तसाच प्रत्येक खात्याच्या फोल्डरात 'ॲप्लिकेशन डेटा' असतो, 'माय डॉक्युमेंट्स' असतो. जंक्शनमध्ये पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, ड्राइव्हच्या अक्षरासकट. जुनी डिस्क स्वतः सी होती तेव्हा त्यात लिहिलं गेलं: सी ड्राइव्हवरचं यूझर्स. आज ती डिस्क डी झाली, पण जंक्शनमधला पत्ता तोच. म्हणजे डी ड्राइव्हवरचा तो दुवा आता तुमच्या नव्या, चालू विंडोजच्या यूझर्सकडे बोट दाखवतोय. आणि तुम्ही नव्या विंडोजमध्येही खात्याला तेच नाव दिलं असेल, जे बहुतेक जण देतात, तर खात्याच्या आतले दुवेही थेट तुमच्या आजच्या ॲपडेटाशी जाऊन भिडतात.

एरवी हे दुवे 'कोणालाही आतली यादी दाखवू नये' अशा मनाईने झाकलेले असतात, म्हणून अनर्थ टळतो. पण टेकओनला सगळ्या उपफोल्डरांत जा असं सांगितलं तर ती अशा दुव्यांमागेही जाऊ शकते. दुव्यांमागे जाऊ नको हे सांगायला त्या कमांडला स्किपएसएल नावाची वेगळी सूचना द्यावी लागते. आयसीएसीएलएसमध्ये त्यासाठी एल ही खूण आहे. या दोन सूचना सोडून दिलेली कमांड डीवर चालवल्यासारखी दिसते आणि सीवरच्या परवानग्या बदलून बसते. मग दोन दिवसांनी स्टार्ट मेनू रुसतो, एखादा प्रोग्रॅम उघडेनासा होतो आणि त्याचा संबंध कोणी जुन्या डिस्कशी जोडत नाही. आरडी कमांड स्वतः शहाणी आहे. ती दुवा पुसते, पलीकडचा माल नाही. तरी माझं मत असं की आधी डिर कमांडला एएल आणि एस या सूचना देऊन सगळ्या दुव्यांची यादी काढावी, मुख्य दुवे आरडीने एकेक उडवावेत आणि मगच मालकीच्या भानगडीत पडावं. आणि सगळा ड्राइव्ह एका कमांडमध्ये देण्याऐवजी विंडोज, प्रोग्राम फाइल्स असं एकेक फोल्डर घ्यावं. टेकओन मध्येच हो की नाही विचारते तेव्हा उत्तराचं अक्षर विंडोजच्या भाषेप्रमाणे बदलतं. जर्मनीत राहणाऱ्याच्या जर्मन विंडोजवर इंग्रजी 'वाय' चालत नाही, 'जे' हे अक्षर लागतं.

पुसून झाल्यावर जागा अपेक्षेपेक्षा कमी मिळाली तर गोंधळू नये. विंडोज फोल्डरच्या पोटातल्या विनएसएक्सएसमधल्या आणि सिस्टीम३२मधल्या पुष्कळ फाइली प्रत्यक्षात एकच असून दोन ठिकाणी नोंदलेल्या असतात. एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो. शिवाय डीवरून साध्या डिलीटने काढलेलं डीच्याच रीसायकल बिनमध्ये जातं, म्हणजे जागा सुटतच नाही. शिफ्ट दाबून डिलीट करावं.

दुय्यम ड्राइव्हवर दिसणारं प्रत्येक हट्टी फोल्डर जुन्या विंडोजचं असतं असंही नाही. काही चालू विंडोजनेच तिथे ठेवलेली असतात. सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमध्ये रिस्टोअर पॉइंट आणि शॅडो कॉपी असतात. ते पुसायचं नसतं. सिस्टीम प्रोटेक्शनमध्ये जाऊन त्या ड्राइव्हपुरतं संरक्षण बंद केलं की आतला माल जातो, रिकामं फोल्डर राहतं, राहू द्यावं. डॉलरच्या खुणेने सुरू होणारं रीसायकल बिन पुसता येतं, पण ते पुन्हा उगवतं. फाउंड.०००मध्ये चेकडिस्कला सापडलेले फाइलींचे तुकडे असतात. हरवलेलं काही शोधत नसाल तर ते निर्धास्त काढा.

विंडोजॲप्स आणि डब्ल्यूपीसिस्टीम ही जोडी अधिक त्रास देते. स्टोअरमधले ॲप डी ड्राइव्हवर बसवायचे असं कधी सेटिंग्जमध्ये निवडलं असेल तर ती तयार होतात, सोबत तुमच्या नावाचंही एक फोल्डर. चालू विंडोजला अजून ते ॲप आपले वाटत असतील तर मालकी घेऊन फोल्डर उडवणं म्हणजे नोंदणी एका जागी आणि माल बेपत्ता अशी अवस्था. सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीतून एकेक ॲप काढावा किंवा सीवर हलवावा, स्टोरेजमध्ये नव्या ॲपची जागा बदलून सी करावी, मग उरलेला रिकामा सांगाडा पुसावा. जुन्या, मेलेल्या विंडोजचं विंडोजॲप्स असेल तर या सोपस्कारांची गरज नाही.

आणखी एक जमात आहे आणि तिच्याविषयी कुतूहल फार: अर्थहीन इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या नावांची फोल्डरं, मुळाशी अचानक उगवलेली. उघडून बघावं तर आत एमआरटीस्टब नावाची एखादी फाइल. लोक व्हायरस समजून घाबरतात. मायक्रोसॉफ्टच्या दुष्ट-सॉफ्टवेअर काढणाऱ्या साधनाने आपला पसारा उलगडायला केलेलं ते तात्पुरतं फोल्डर, काम झाल्यावर काढायचं राहून गेलेलं. मायक्रोसॉफ्टच्या काही जुन्या इन्स्टॉलरांना फाइली सोडवायला सगळ्यांत जास्त रिकामी जागा असलेला ड्राइव्ह निवडायची सवय होती, आणि रिकामी जागा सगळ्यांत जास्त असते ती दुय्यम ड्राइव्हवरच. व्हिज्युअल सी++ २००८चं पॅकेज तर फोल्डर न करताच ड्राइव्हच्या मुळाशी इन्स्टॉल, ईयूएलए आणि व्हीसीरेड नावांच्या फाइली सांडून जायचं. ही चूक मायक्रोसॉफ्टने पुढे मान्य केली. या फाइली पुसल्याने काही होत नाही. एमएसओकॅशे या ऑफिसच्या फोल्डरचं तसं नाही. ऑफिस २००३, २००७, २०१० अजून वापरात असेल तर दुरुस्तीच्या वेळी ते लागतं.

रिकामं दिसतं म्हणून निरुपयोगी, हा नियमही नेहमी चालत नाही. एप्रिल २०२५च्या अपडेटने सी ड्राइव्हवर इनेटपब नावाचं रिकामं फोल्डर केलं, लोकांनी कचरा म्हणून पुसलं आणि मायक्रोसॉफ्टला सांगावं लागलं की ते सुरक्षेच्या दुरुस्तीचा भाग आहे, पुसू नका. दुय्यम ड्राइव्हवरचं इनेटपब मात्र जुन्या विंडोजबरोबर जायला हरकत नाही.

परवानग्या सगळ्या मिळूनही फोल्डर हलत नसेल तर कारण वेगळं असतं. पत्ता २६० अक्षरांच्या पलीकडे गेला की एक्सप्लोरर हात टेकतो. सेव्हन-झिपचा फाइल मॅनेजर अशा ठिकाणी उपयोगी पडतो, किंवा रिकामं फोल्डर घेऊन रोबोकॉपी कमांडला मिरर करायला सांगावं, ती जुनं फोल्डर आतून साफ करते. फक्त जुन्या-नव्याची अदलाबदल होऊ देऊ नये. फाइल वापरात आहे असा निरोप आला तर पॉवरटॉइजमधलं फाइल लॉकस्मिथ कोणी पकडून ठेवलंय ते दाखवतं. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असेल, अथवा कॉन, एनयूएल, ऑक्स असं डॉसच्या काळापासून राखीव ठेवलेलं नाव असेल, तर पत्त्याआधी विशिष्ट उपसर्ग लावून आरडी चालवावी लागते. आणि 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा निरोप दिसला तर पुसणं तिथल्या तिथे थांबवावं. तो परवानगीचा प्रश्न नव्हे, डिस्क मरायला टेकल्याची ती सूचना आहे. तिथे पहिलं काम जे हवं ते कॉपी करून घेण्याचं.

लिनक्सवाले या सगळ्यावर हसतात, आणि त्यांचं हसणं अगदीच चुकीचं नाही. उबुंटूचा पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर चालू करावा, जुनी डिस्क उघडावी, फोल्डर पुसावं; ट्रस्टेडइन्स्टॉलर कुठे मध्ये येत नाही. परवानग्यांची यादी हे कुलूप नसून विंडोजने स्वतःवर घालून घेतलेला नियम आहे, आणि दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर तो बंधनकारक नाही. (ज्यांना वाटतं की पासवर्ड असल्यामुळे लॅपटॉपमधले कागद सुरक्षित आहेत, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) अडचण येते ती विंडोज ८पासूनच्या फास्ट स्टार्टअपमुळे. जुनी विंडोज शेवटची बंद करताना अर्धवट झोपवलेली असेल तर लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचायला देतो. आणि एका क्लिकमध्ये काहीही पुसण्याची मुभा म्हणजे चालू सी ड्राइव्हही तितक्याच सहज पुसता येतो. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये सी, डी अशी अक्षरंच नसतात, हे लक्षात घेऊन हात घालावा. 'उजवं क्लिक करा, मालकी घ्या' छापाची फुकट साधनं मात्र मी कोणाला सुचवणार नाही. जंक्शनांचं ती काय करतात हे वापरणाऱ्याला दिसत नाही, आणि त्यांच्या नावाखाली टूलबार आणि नको ते प्रोग्रॅम गळ्यात मारणारेही आहेत.

या सगळ्या वाटा पाहिल्यावर माझा कौल साधा आहे. दुय्यम ड्राइव्हवरची जुनी विंडोज काढायची असेल तर फोल्डर पुसत बसू नये, पार्टिशन फॉरमॅट करावं. लाखो छोट्या फाइली एकेक पुसायला विंडोज तास लावते. क्विक फॉरमॅट काही सेकंदांत होतो, त्यात मालकी नाही, परवानगी नाही, जंक्शन नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारे पूर्वापार डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करून देत आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की तालुक्याच्या गावी, 'विंडोज सीत, तुमचं सगळं डीत' हा त्यांचा ठरलेला उपदेश. कंटाळवाणा वाटायचा, पण आज तो उपयोगी पडतो: जुनी विंडोज ज्या तुकड्यात होती तेवढाच फॉरमॅट करायचा, फोटोंचा तुकडा जागचा हलवायचा नाही. एकाच पार्टिशनच्या लॅपटॉप डिस्कचं तसं नसतं. तिथे डेटा दुसरीकडे काढून ठेवायला जागा नसेल तरच त्या तीन ओळींकडे जावं, तेही आधी 'ठेवायचं' असं एक फोल्डर करून हवं ते त्यात हलवून. त्याच पार्टिशनवर, परवानग्यांची आडकाठी नसेल तर, हलवायला वेळ लागत नाही, मग ते शेकडो जीबी का असेना.

फॉरमॅट करताना ड्राइव्हच्या अक्षरावर भरवसा ठेवू नका. डिस्क बदलली की अक्षरं बदलतात. आकार वाचा, नाव वाचा, पार्टिशन उघडून आतली फोल्डरं डोळ्यांनी बघा. आणि जुनी डिस्क विकणार किंवा कोणाला देणार असाल तर क्विक फॉरमॅट पुरेसा नाही. तो फक्त नोंदी काढतो. हार्डडिस्कवरचा मजकूर साध्या रिकव्हरी प्रोग्रॅमने परत मिळतो. हार्डडिस्कवर क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, व्हिस्टापासून तो प्रत्येक जागी शून्य लिहितो. एसएसडी असेल तर ती बनवणाऱ्या कंपनीच्या साधनातून सिक्युअर इरेज द्या.